लोणा लागलेली वाट

जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला 'लोणा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा सरून ऊन तापू लागले की मातीच्या भिंतीवर जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरी, भुरभुरीत साय धरते. गिलावा फुगतो, बोट लावताच त्याचे पापुद्रे गळू लागतात, आणि 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी सुस्कारा टाकतात. पुन्हा गिलावा केला तरी दोन वर्षांत लोणा परत येणार, हेही त्यांना ठाऊक असते. ज्या वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे आणि पुरेसे उंच असते, त्याला मात्र हा रोग सहसा जडत नाही. अशा दगडातून ओल सहजी वर चढत नाही, आणि ओलीवाचून मिठाला पाय नाहीत.

घराघरांत मुरलेले हे ज्ञान रस्ते बांधणाऱ्यांना मात्र नव्याने आणि बरीच किंमत मोजून मिळवावे लागले. ते कसे मिळाले, याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. साहित्याला वाहिलेल्या या पृष्ठांवर रस्त्याखालच्या मातीचा इतिहास कोणास रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी माणसांच्या दाराशीच खारी भूमी पसरलेली आहे. ओखामंडळ हा बडोदे संस्थानचाच भाग होता आणि तेथील मिठापूरच्या कारखानदारीचा पाया त्याच अमदानीत घातला गेला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत कच्छचे रण आणि कोकणची खाजणे ही एकाच मुंबई राज्याच्या नकाशावर होती. तेव्हा हा विषय आम्हांला परका नाही.

प्रथम ही माती म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेत तिला एकच नाव नाही, आणि त्याला कारणही आहे. समुद्राच्या भरतीने खारावते ती कोकणातील खारजमीन. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला तो खारपाणपट्टा. कालव्याच्या पाण्याने बिघडून जी ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी होते, ती चोपण. उत्तरेकडे गेले की ऊसर, कल्लर, रेह असे शब्द कानी पडतात. ही निरनिराळी नावे शेतकऱ्याने उगीच दिलेली नाहीत. कारण 'मीठ' या एका शब्दाखाली निरनिराळे क्षार दडलेले असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. रणात मुख्यत्वे आपल्या जेवणातलेच मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आढळते. गंगा-यमुनेच्या मैदानातील रेहमध्ये पापडखाराचा सगोत्री असलेला सोडियम कार्बोनेट आणि त्याच्या जोडीला सोडियम सल्फेट सापडतो.

या शेवटच्या क्षाराची ओळख थोडी सविस्तर करून दिली पाहिजे, कारण आमच्या कथेतील कपटी पात्र तेच आहे. सतराव्या शतकातील जर्मन रसायनज्ञ ग्लाउबर याने त्याला 'अद्भुत मीठ' असे नाव दिले होते. त्याच्या मनात औषधी गुण होते. रस्त्याच्या दृष्टीने अद्भुत गोष्ट निराळीच आहे. सुमारे ३२.४ अंश सेल्सियसच्या वर हा क्षार कोरडा स्फटिक म्हणून राहतो. उष्णता त्याखाली उतरली आणि ओल मिळाली की त्याचा प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू आपल्यात सामावून घेतो, आणि स्फटिकाचे आकारमान सुमारे चौपट होते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा अशा ऋतूत मातीच्या पोटात ही फुगण्या-आक्रसण्याची क्रिया पुनःपुन्हा चालू राहते. दाबून दाबून घट्ट केलेली जमीन अशाने काही महिन्यांत राखेसारखी भुसभुशीत होते. वरून कोणी घाव घातलेला नसतो. जमीन आतूनच उकलते.

आता इतिहासाकडे वळू. पानिपत हे नाव मराठी माणसाच्या मनात एकाच प्रसंगाशी जोडलेले आहे. पण त्याच परिसराने पुढच्या शतकात दुसरे एक, अगदी निःशब्द संकट पाहिले. पश्चिम यमुना कालव्याचे पाणी शेतांत खेळू लागले, भूजलाची पातळी वर आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुनक गावच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली की आमच्या जमिनीवर पांढरा क्षार उमटू लागला आहे. गंगेचा मोठा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला, आणि तेथेही पुढे हीच रड ऐकू आली. रेहच्या चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली. कालव्याने आणलेले पाणी गोडच होते. मीठ जमिनीतच होते. पाण्याने फक्त त्याला वर येण्याची वाट दाखविली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारी कथा याच वाक्याचा विस्तार आहे.

त्या काळच्या रस्त्यांना या क्षाराने फारसे पीडलेले दिसत नाही. उत्तर हिंदुस्थानातील रस्ते कंकराचे, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या चुनखडीच्या गोट्यांचे असत. त्यावरून बैलगाड्या जात. रस्त्याचे अंग उघडे असे. ओल वर आली की ती हवेत उडून जाई, मागे राहिलेले मीठ चाकांखाली भरडले जाई, आणि पहिल्या पावसात धुपून जाई. संकट खऱ्या अर्थाने उभे राहिले ते मोटार आल्यावर. मोटारीच्या रबरी चाकांनी धूळ उडू लागली, ती बसविण्यासाठी रस्त्यावर डांबराचा पातळ लेप देण्यात येऊ लागला, आणि रस्त्याने जणू अंगावर घट्ट कातडी ओढून घेतली. खालून चढणारे मीठ आता त्या कातडीखाली साचू लागले.

मोटारीने निर्माण केलेल्या रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. कायदा आणि राजकारण या क्षेत्रांतील त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण भारतीय रस्त्यांच्या इतिहासातही जयकर समिती हा एक टप्पा मानला जातो, ही गोष्ट मराठी वाचकांच्याही फारशी लक्षात नसते. समितीच्या अहवालातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते महासभा, म्हणजेच इंडियन रोड्स काँग्रेस, स्थापन झाली. रस्त्यांवर शास्त्रीय संशोधन करणारी संस्था असावी, हीही समितीची एक सूचना होती. ती मात्र रेंगाळली. मधल्या काळात, १९४३ मध्ये, देशातील मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि वीस वर्षांची रस्ते-योजना त्यांनी आखली. संशोधन संस्था प्रत्यक्ष उघडली ती स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, दिल्लीस. जयकरांच्या सूचनेपासून तिच्या पूर्ततेपर्यंत जवळजवळ पाव शतक लोटले.

नागपूर योजनेने हजारो मैलांचे आकडे मांडले. परंतु पंजाब आणि गंगेच्या मैदानात एक मूलभूत अडचण होती. तेथे दगडच नाही. खणावे तितकी मातीच लागते. खडी दूरच्या डोंगरांतून आगगाडीने आणावयाची तर खेड्यापाड्यांचे रस्ते कधी होणार? तेव्हा मातीलाच दगडाचे काम शिकविणे भाग होते. योग्य प्रमाणात वाळू आणि चिकणमाती मिसळायची, नेमके तेवढेच पाणी घालायचे, आणि रोलर फिरवून ती इतकी घट्ट करायची की तिने ओझे पेलावे. यालाच मातीचे स्थिरीकरण म्हणतात. या कामात पंजाबात अग्रणी होते ते एस. आर. मेहरा. पुढे ते दिल्लीच्या त्या संशोधन संस्थेचे संचालक झाले. दाबलेल्या मातीचा पाया आणि त्यावर विटांचे तुकडे मिसळलेल्या मातीचा थर, ही त्यांची रीत अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही 'मेहरा पद्धती' म्हणून शिकविली जाते.

याच प्रयत्नात रस्ते बांधणाऱ्यांना क्षार समोरासमोर भेटला. दगडाच्या रस्त्यात माती ही केवळ आधार होती. येथे मातीच रस्ता होती, आणि म्हणून तिच्या पोटातील प्रत्येक दोष हा रस्त्याचा दोष ठरला. वाळूचे प्रमाण उत्तम, दाबाई उत्तम, पण मातीत सोडियम सल्फेट अंमळ अधिक, एवढ्यानेही सारा खटाटोप व्यर्थ जाऊ शकतो. म्हणून मातीची परीक्षा करताना तिचा चिकटपणा जसा पाहावयाचा, तसा तिच्यातील क्षारही मोजावयाचा, असा नियम रूढ झाला. कर्नाल परिसराचा योग असा की, १९६९ मध्ये क्षारयुक्त शेतजमिनीच्या अभ्यासासाठी केंद्रीय संस्था निघाली तीही तेथेच. मुनकच्या शेतकऱ्यांची तक्रार शंभरावर वर्षांनी का होईना, योग्य ठिकाणी नोंदली गेली असे म्हणावयास हरकत नाही.

रोग कळला, औषधाचे काय? पहिले औषध आपल्या परिचयाचेच होते: चुना. चोपण जमिनीतील चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो. असे कण पाण्यात एकमेकांना धरून राहत नाहीत. सुटतात, फुगतात, वाहून जातात. चुन्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो, आणि तेच कण एकमेकांना बिलगतात. चिकट माती भुरकी आणि हाताळण्याजोगी होते. पुढे काही आठवड्यांत चुना मातीतील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांच्याशी संयोग पावून सिमेंटासारखा बंध निर्माण करतो. आमच्या काळ्या मातीवरही हाच उपाय गुण देतो. यावरून चुना हे सर्व मातींचे रामबाण औषध आहे असा समज झाला असल्यास नवल नाही.

तो समज किती महागात पडतो हे अमेरिकेतील एका रस्त्याने दाखविले. लास व्हेगास शहरातील स्ट्युअर्ट अ‍ॅव्हेन्यू या रस्त्याखालची माती १९७० नंतरच्या दशकात चुना घालून पक्की करण्यात आली होती. दोन वर्षे सारे ठीक होते. नंतर रस्ता जागोजाग वर उचलला गेला, तडकला, फुगला. जेम्स मिचेल या मृदाशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात याचे कारण उलगडले. त्या मातीत सल्फेट होते. सल्फेट, चुना आणि चिकणमातीतील अ‍ॅल्युमिना हे तिघे पाण्याच्या संगतीत एकत्र आले की एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि त्यांच्या वाढीपुढे रस्ता टिकत नाही. चुना घातला नसता तर तो रस्ता कदाचित अशक्त राहिला असता. चुना घातल्याने तो फुटला. आज आपल्याकडेही दंडक असा आहे की मातीत सल्फेट शेकडा ०.२ हून अधिक असेल तर तिला चुन्याचे औषध देऊ नये. वैद्याने नाडी न पाहता मात्रा दिली तर काय होते, याचे हे उदाहरण होय.

सल्फेट नसेल, केवळ साधे मीठ असेल, तर भय नाही काय? यासंबंधीचे ज्ञान आणखी उशिरा आले. अरबी द्वीपकल्पात तेलाच्या पैशावर जेव्हा समुद्रकाठच्या खाऱ्या मैदानांतून रस्ते झाले, तेव्हा त्यांच्या पातळ डांबरी पृष्ठावर फोड उठू लागले. १९७७ मध्ये फूक्स आणि फ्रेंच या दोघा ब्रिटिश तज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिकेत बोट्स्वानाच्या खारट पठारांवर ब्रिटनच्या संशोधकांनी पुढे प्रायोगिक रस्ते बांधून तेच पाहिले. साधे मीठ चौपट होत नाही. परंतु ते डांबराच्या नेमके खाली येऊन स्फटिक होते आणि त्या पातळ पापुद्र्याला खालून उचलते. या अभ्यासांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. ज्या रस्त्यावर वर्दळ असते तेथे चाकांच्या दाबाने हे फोड पुन्हा बसतात. जो रस्ता रिकामा पडून राहतो, किंवा ज्याच्या कडांवर चाक फिरत नाही, तेथे नाश आधी सुरू होतो. वाहने वाट झिजवितात असे आपण समजतो. खाऱ्या भूमीत ती तिला जिवंतही ठेवतात.

मिठाची ही निंदा ऐकताना एक गोष्ट विसरता कामा नये. मीठ हे मुळात रस्त्याचे शत्रू नव्हे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत खेड्यांच्या रस्त्यांवर मुद्दाम मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड मिसळीत, कारण त्याने हवेतील ओल धरून राहते आणि धूळ बसते. नामिबियाच्या समुद्रकाठी जिप्समयुक्त मुरमावर खारे पाणी शिंपून दाबलेले रस्ते डांबरी रस्त्यांशी बरोबरी करतात. तेथे समुद्रावरून रोज धुके येते; मिठाला वाळून उकलण्यास अवकाश मिळत नाही. तेव्हा तेच मीठ एके ठिकाणी बांधते आणि दुसऱ्या ठिकाणी फोडते. निर्णय मिठाच्या हाती नाही. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, यावर सारे अवलंबून आहे.

आता आपण कच्छच्या रणात येऊ, कारण या सर्व धड्यांची परीक्षा त्या भूमीइतकी कठोर दुसरीकडे क्वचितच होत असेल. १८१९ च्या भूकंपाने येथे जमिनीचा एक लांबलचक पट्टा वर उचलला गेला. लोकांनी त्याला 'अल्लाबंद' म्हटले. त्यानंतर काही वर्षांनी अलेक्झांडर बर्न्स याने हा प्रदेश पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. रण समुद्र नव्हे आणि भूमीही नव्हे. पावसाळ्यात त्यावर पाणी पसरते; हिवाळ्यात ते आटते आणि क्षितिजापर्यंत पांढरे कवच धरते. त्या कवचावरून उंट चालतो. जागा चुकली तर मोटारीचे चाक कवच फोडून खालच्या चिखलात रुतते.

अशा भूमीत वाट नसणे म्हणजे काय, हे देशाला १९६५ च्या एप्रिलात कळले. रणात लढाई पेटली तेव्हा आपल्या बाजूने सीमेपर्यंत पोहोचणे हीच मोठी लढाई होती. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सीमेचा निवाडा दिला. पण रस्त्यांचा प्रश्न निवाड्याने सुटणारा नव्हता. सैन्याच्या आधीपासून तो तेथील रहिवाशांचा होता. खदीर बेटावर गावे आहेत. पावसाळ्यात चारही बाजूंनी रणाचे पाणी. रोगी असो की बाळंतीण, लांबचा वळसा घेऊनच न्यावे लागे. समोर पश्चिमेस पच्छम बेट आणि खावडा. अंतर डोळ्यांना थोडे, पायांना अशक्य.

आज खावड्याहून धोळावीराकडे रण ओलांडून जाणारा सरळ रस्ता झाला आहे. दोन्ही बाजूंस पांढरे रण, मध्ये काळी रेघ, अशी त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात आणि त्याला स्वर्गाच्या वाटेची उपमा देतात. आम्हांस त्या उपमेपेक्षा त्या रेघेच्या खाली काय असावे लागते याचे अधिक कौतुक वाटते. खाऱ्या भूमीतील रस्त्याची जी शिस्त आजवर घडली आहे ती थोडक्यात अशी. जमीन जशी आहे तशी तिच्यावर रस्ता टेकवायचा नाही. भराव करून तो उंच उचलायचा. भरावाच्या वरच्या थरांत जवळची खारी माती न घालता टेकड्यांचा बिनखारी मुरूम आणायचा. मध्ये कोठे तरी भरड वाळूचा वा खडीचा थर, किंवा डांबराचा अथवा प्लास्टिकचा पडदा घालून खालची ओल तोडायची. भरड वाळूच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढू शकत नाही. दबाईला गोडे पाणी वापरायचे. पाया झाला की तो उघडा न ठेवता लवकर झाकायचा, आणि झाकायचा तो पातळ लेपाने नव्हे, जाड आणि दाट डांबरी थराने. आणि पावसाचे पाणी अडून राहू नये म्हणून पुरेशा मोऱ्या ठेवायच्या.

या यादीत मिठाचा नाश करण्याचा एकही उपाय नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. रणातील मीठ संपविणे कोणालाही शक्य नाही. उंच भराव, वाळूचा थर, दाट आच्छादन, मोऱ्या: हे सारे पाण्याचे मार्ग ठरविण्याचे उपाय आहेत. वाड्याच्या काळ्या दगडाच्या जोत्याने तेच केले होते. रस्त्यालाही जोते लागते, एवढा धडा शिकण्यासाठी इतके प्रयोग, इतके फुटलेले रस्ते आणि इतका पैसा खर्ची पडला.

धडा शिकला गेला, म्हणजे तो पाळला जातो असे मात्र नव्हे. काही वर्षांमागे एका खाडीकाठच्या नव्या रस्त्यावरून जाण्याचा योग आम्हांस आला. उद्घाटन होऊन एक पावसाळाही उलटला नव्हता. रस्त्याच्या कडांवर रुपयाएवढे फोड उठले होते, आणि नखाने उचलताच खाली पांढरी पूड लागत होती. शेजारच्या शेतातील एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहत होते. भराव कोठल्या मातीचा, असे विचारता त्यांनी रस्त्याकडेचा लांब खड्डा दाखविला. त्यात खारे पाणी साचले होते. माती तेथूनच काढली होती आणि बहुधा पाणीही तेथलेच वापरले होते. "आमच्या घराचा पाया आम्ही असा भरला नसता," इतकेच ते म्हणाले. गोडे पाणी आणि दूरचा मुरूम यांना पैसा पडतो. जवळचा खड्डा फुकट असतो. हिशेबाच्या वहीत ही बचत दिसते, आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर पुन्हा डांबर टाकण्याचा खर्च निराळ्या पानावर लिहिला जातो.

खावड्याच्या पलीकडे रणात आता सूर्य आणि वारा यांपासून वीज निर्माण करण्याचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत आहे. धोळावीरा २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मोठी ओझी आणि मोठी गर्दी या खाऱ्या वाटांवरून जाणार आहे. अशा वेळी खदीरवरील त्या प्राचीन नगराकडे केवळ अवशेष म्हणून न पाहावे असे आम्हांस वाटते. रवींद्रसिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली १९९० पासून झालेल्या उत्खननात तेथे दगडात बांधलेले मोठमोठे तलाव आणि पाण्याच्या वाहिन्या सापडल्या. मानसर आणि मनहर या पावसाळी नाल्यांचे गोडे पाणी बंधाऱ्यांनी वळवून त्या लोकांनी भोवतालच्या खारेपणाच्या मध्यभागी नगर वसविले, आणि ते शतकानुशतके टिकले. त्यांना क्षारांची नावे ठाऊक नव्हती. पाणी कोठून येते आणि कोठे न्यावयाचे, हे मात्र त्यांनी प्रथम ठरविले आणि मग बांधकामास हात घातला.

रस्त्याची मोजणी करणाऱ्याने माती हाती घेण्यापूर्वी हाच प्रश्न विचारला, तर खदीरच्या बाळंतिणीची वाट पुढील पावसाळ्यातही शाबूत राहील.